कॉम्प्युटरला वेळ सांगणारा मी कोण?

सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि ब्राउझरने मोठ्या अक्षरांत सुनावलं, ‘तुमचं घड्याळ मागे आहे.’ कोपऱ्यात पाहिलं तर तारीख दोन वर्षांपूर्वीची. एकही साइट उघडेना. प्रत्येक साइटचं एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या यंत्राच्या हिशोबाने ती सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मालाच यायची होती. थोडक्यात, घड्याळ चुकलं म्हणून इंटरनेट नाही, आणि घड्याळ कसं लावायचं ते शोधायला इंटरनेटच हवं. किल्ली आत ठेवून कुलूप ओढून घेतल्यासारखी गत.

भाच्याला फोन लावला.

“मामा, तू टर्मिनल उघड. एका ओळीचं काम आहे,” म्हणाला, आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. ती ओळ कोणती, ते राहिलंच.

टर्मिनल, म्हणजे यंत्राला लेखी हुकूम द्यायची खिडकी, उघडलं. काळी पाटी, लुकलुकणारा कर्सर. फार पूर्वी विंडोजमध्ये ‘टाइम’ असं लिहून पाहिल्याचं आठवत होतं. तिथे तो वेळ सांगतो आणि लगेच ‘नवी वेळ द्या’ म्हणून हात पुढे करतो. आपण घाबरून एंटर दाबला की सोडून देतो. माझ्याकडे आता विंडोजऐवजी लिनक्स. म्हटलं, वेळ ती वेळच, काय फरक पडतोय? ‘टाइम’ लिहून एंटर दाबला. उत्तर आलं: शून्य मिनिटं, शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य सेकंद. तेही तीन वेळा, एकाखाली एक. इथे ‘टाइम’ म्हणजे किती वाजले नव्हे, तर दिलेल्या कामाला किती वेळ लागला. मी काही कामच दिलं नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या कामाचं एवढं अचूक मोजमाप कोणी केलं नव्हतं.

मग मोबाइलवर शोधलं. कमांडचं नाव ‘डेट’. नुसतं ‘डेट’ लिहिलं की तारीख, वार, वेळ सगळं एका ओळीत येतं, फक्त इंग्रजी पद्धतीने. मला आपली दिवस-महिना-वर्ष अशी सुटसुटीत हवी होती. त्यासाठी अधिकचं चिन्ह, टक्क्याचं चिन्ह आणि एकेक अक्षर असा मंत्र असतो. मी भक्तिभावाने तो लिहिला. तारखेचा पहिला आकडा ठीक होता. मधला आकडा 47.

सत्तेचाळिसावा महिना! क्षणभर वाटलं, यंत्र कामातून गेलं. दोन मिनिटांनी पुन्हा केलं तर एकोणपन्नासावा. महिने फारच भराभर चालले होते. मग लक्षात आलं की स्मॉल एम म्हणजे महिना आणि कॅपिटल एम म्हणजे मिनिट. ज्याने हे ठरवलं त्याला मिनिट हे महिन्यापेक्षा मोठं वाटलं, यावरून तो कसल्या कामात होता याची कल्पना येते. याच मंत्रात स्मॉल एस टाकला तर आणखी मजा. 1 जानेवारी 1970 पासून आजवर किती सेकंद झाले, तो दहा आकडी हिशोब समोर येतो. ही मोजदाद जुन्या 32 बिटांच्या यंत्रांत 19 जानेवारी 2038 रोजी संपणार आहे. पुढच्या सेकंदाला ती यंत्रं थेट डिसेंबर 1901 मध्ये जाऊन पडतील. माझं यंत्र तर फक्त दोन वर्षं मागे होतं. जरा बरं वाटलं.

आता वेळ लावायची. दिवस होता 7 मार्च 2025, सकाळचे पावणेदहा. सगळे आकडे एकापुढे एक चिकटवून लिहायचे, मध्ये जागा नाही, रेघ नाही. मी लिहिलं: 070309452025. एंटर. पहिल्या ओळीत काहीतरी कुरकुर आली, पण तिच्याखालीच 09:45 आणि 2025 असं लख्ख दिसलं. झालं की! कुरकुर करणं हा यंत्रांचा स्वभावच असतो म्हणून दुर्लक्ष केलं. खात्रीसाठी पुन्हा ‘डेट’ लिहिलं. दोन वर्षांपूर्वीची तारीख, जिथल्या तिथे.

ती कुरकुर मग वाचली. ‘तारीख लावता येत नाही, परवानगी नाही.’ म्हणजे आधी नाही म्हणायचं आणि खाली मी सांगितलेलीच वेळ छापून दाखवायची. ‘तुम्ही म्हणता ते कळलं हो, पण करणार नाही,’ असं इतक्या नम्रपणे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. वेळ बदलायचा हक्क फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या कर्त्या पुरुषाला. रूटचा हक्क तेवढ्यापुरता उसना देणारा ‘सुडो’ हा शब्द ओळीच्या आधी लावला, पासवर्ड दिला, तीच ओळ पुन्हा लिहिली. या वेळी कुरकुर नाही. विजयी मुद्रेने ब्राउझर उघडला.

‘तुमचं घड्याळ पुढे आहे.’

कमांडला आधी महिना लागतो आणि मग दिवस. मी शहाण्या माणसासारखा दिवस आधी लिहिला होता आणि त्याने तो इमानेइतबारे महिना मानून मला 3 जुलैला नेऊन ठेवलं. सकाळी जी प्रमाणपत्रं जन्माला यायची होती त्यातल्या बऱ्याच जणांची आता मुदत संपली होती. दिवस बारापेक्षा मोठा असता तर निदान ‘ही तारीख चुकीची आहे’ असं तरी म्हणाला असता. आणि क्रम तरी कसला? महिना, दिवस, तास, मिनिट आणि सगळ्यात शेवटी वर्ष. घरातून निघताना शेवटच्या पायरीवर आठवलेल्या चपलेसारखं.

क्रम सुधारला, तारीख बसली. मग कळलं की यंत्रात घड्याळं दोन. एक चालू असताना सिस्टिमचं आणि दुसरं मदरबोर्डवरचं, जे यंत्र बंद असतानाही बॅटरीवर टिकटिकतं. त्या दुसऱ्याला ही वेळ कळवायला ‘एचडब्ल्यूक्लॉक’ नावाची वेगळी कमांड. मोबाइलच्या घड्याळावर नजर ठेवून, श्वास रोखून, बरोबर सेकंदाला एंटर दाबून सिस्टिमची वेळ पुन्हा लावली आणि लगेच ती मदरबोर्डला कळवली. इतकी अचूकता मी परीक्षेतही दाखवली नव्हती.

दुपारी भाच्याचा फोन. “वेळ मागे गेली म्हणजे आतली बॅटरी संपली असणार. सीआर 2032, तीन व्होल्टची चपटी.” मी कॉम्प्युटर बंद केला, पेटी उघडली, जुनी बॅटरी काढून नवी बसवली आणि सुरू केला. पुन्हा दोन वर्षं मागे! सकाळभर मी मेलेल्या बॅटरीला वेळ शिकवत होतो.

“बॅटरी आधी बदलायची ना, मामा,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पण नेटवरून वेळ आपोआप यायला हवी होती. अरे हो... सुट्टीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा माझा प्रोग्रॅम तपासायला ते मीच बंद केलं होतं. चालू करायचं राहिलं.”

मी काही बोललो नाही. त्याने ‘टाइमडेटसीटीएल’ या वेळेच्याच दुसऱ्या कमांडची एक ओळ सांगितली, खरोखरच एका ओळीचं काम. डेव्हिड मिल्स यांनी 1985 साली मांडलेला एनटीपी नावाचा नियम त्यामागे चालतो. आपलं यंत्र दूरच्या सर्व्हरला वेळ विचारतं आणि निरोप जायला-यायला लागलेला वेळही वजा करतं. दोन-चार सेकंदांत घड्याळ ठिकाणावर.

पण सकाळपासून पाठ केलेलं वाया जाऊ द्यायचं मनाला पटेना. आता क्रमही कळला होता, सुडोही कळलं होतं, आणि ‘टाइमडेटसीटीएल’मध्ये तर वर्ष, महिना, दिवस असा सरळ क्रम आणि मध्ये रेघासुद्धा असतात. एकदाच, हौसेखातर, आहे तीच वेळ स्वतःच्या हाताने लावायची म्हणून सगळं अगदी बिनचूक लिहिलं आणि एंटर दाबला.

‘वेळ लावता आली नाही. आपोआप वेळ जुळवणं सुरू आहे.’