गिझर, काकू आणि ओहमसाहेब

नाशिकच्या थंडीचा सगळा मान निफाड घेऊन जातं. पेपरात दरवर्षी निफाडचा पारा आणि द्राक्षबागेतल्या शेकोटीचा फोटो. सिडकोतल्या आमच्या इमारतीत पाऱ्याकडे कोणी बघत नाही. सकाळी किती घरांतले एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारे खटके, पडले, त्यावरून थंडी ठरते.

एमसीबी पडला की लोक माझ्याकडे येतात. कारण फार पूर्वी मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि मध्ये रेझिस्टर, असा आमचा संसार. एलईडीला वीसेक मिलिअँपिअर मिळाले की तो खूश आणि आम्हीही. पण सोसायटीच्या लेखी मिक्सरपासून लिफ्टपर्यंत ज्याला वायर आहे ते सगळं माझ्या खात्यात.

यंदाची तक्रार दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. रोज सकाळी काका अंगाला साबण लावून उभे राहिले की लाइट जाते. "नेमकं साबण लावल्यावरच हो!" काकूंच्या सुरात असं, की करंटला कोणीतरी फूस लावली आहे.

मी पाहणी केली. बाथरूममध्ये 3000 वॅटचा इन्स्टंट गिझर. त्याच वेळी ओट्यावर 1500 वॅटची किटली. हॉलमध्ये नातवाच्या युनिफॉर्मवर फिरणारी 1000 वॅटची इस्त्री. बेरीज 5500 वॅट, त्याला 230 व्होल्टने भागलं की जवळजवळ 24 अँपिअर. जुन्या वायरिंगच्या कृपेने हे तिघंही 16 अँपिअरच्या एकाच एमसीबीवर. एवढ्या जास्तीच्या करंटला एमसीबी लगेच पडत नाही. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापते, हळूहळू वाकते आणि मग खटका पाडते. पट्टीला वाकायला लागणारा वेळ आणि काकांना साबण लावायला लागणारा वेळ सारखा, एवढंच.

"मग इस्त्री आदल्या रात्री करा," मी म्हणालो.

"रात्री सिरियल असते." हे काकूंनी अशा ठामपणे सांगितलं की मी विषय किटलीकडे वळवला. किटली काकांच्या चहाची निघाली. काका ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून चर्चेत सामील झाले. "अरे, थोडं ॲडजस्ट होत नाही का? सातआठ अँपिअरचा तर प्रश्न आहे."

आमच्याकडे सगळं ॲडजस्ट होतं. पार्किंग, मेंटेनन्स, गच्चीवरची वाळवणं. त्यामुळे भागाकार ॲडजस्ट होत नाही हे कोणाला पटत नाही. मी ओळखीने काही जमवेन, अशी काकूंची प्रामाणिक अपेक्षा होती.

तेवढ्यात सेक्रेटरी काका आले. त्यांचं म्हणणं वेगळंच. "एकलहऱ्याचं थर्मल नाशिकचं. वीज आपल्या दारात तयार होते आणि आपल्यालाच पुरत नाही?" एकलहऱ्याची वीज ग्रिडमध्ये जाते, तिथून ती नाशिककर बघून परत येत नाही, आणि मुळात वीज कमी नाहीच, आपली वायर बारीक आहे, हे मी सांगितलं. त्यातलं 'बारीक' तेवढं त्यांनी ऐकलं.

"मग 32 चा एमसीबी टाका. संपला विषय!"

इथे माझा आवाज थोडा चढला. एमसीबी गिझरसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. वायर सोसेल तेवढ्यावर तो पडला पाहिजे. करंट दुप्पट झाला की वायरचं तापणं चौपट होतं. म्हणजे 32 चा एमसीबी बसवला तर काकांचा साबण निघेल खरा, पण पाणी गिझरने तापलं की भिंतीने, ते सांगता येणार नाही. समजावं म्हणून गच्चीवरच्या टाकीचा दाखला दिला: टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, पाइप म्हणजे वायर, वाहतं पाणी म्हणजे करंट. सेक्रेटरी काका एकदम गंभीर झाले. टाकीतून गळती कुठे होते, यावर पुढची सगळी चर्चा गेली.

जर्मनीतल्या जॉर्ज ओहमने 1827 साली व्होल्टेज, करंट आणि करंटला होणारा रोध यांचं नातं छापून मांडलं. बिचारा शाळामास्तर; मायदेशात फारसं कोणी मनावर घेतलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळायला 1841 उजाडलं. चौदा वर्षं! आणि ती रॉयल सोसायटी होती, आमची हाउसिंग आहे.

शेवटी वायरमन आला. "उद्या येतो" म्हणून गेल्यानंतरचा तो कितवा तरी उद्या होता. त्याने बोर्ड उघडला, आत डोकावला आणि टेस्टर खिशात ठेवत म्हणाला, "काकू, लोड जास्त झालाय. गिझरला येगळी लाइन ओढा, जाड वायरची. 32 चा टाकला तर वायर जळंल."

"बघा!" सेक्रेटरी काका माझ्याकडे वळून म्हणाले, "अनुभवी माणूस कसा एका वाक्यात सांगतो." काकूंनी त्याला लगेच चहा ठेवला. किटलीतच.

मेन स्विच बंद झाला, घरात अंधार झाला, आणि डिप्लोमाचा पहिल्यांदाच उपयोग निघाला. मी स्टुलापाशी मोबाइलची बॅटरी धरून उभा राहिलो.

"साहेब, उजेड वायरीवर मारा. भिंतीवर नको."