पॅनला ड्रेन प्लग जरूर लावा, पण पॅन खाली उतरवूनच

जुन्या शेवरोले पिकअपवाल्यांत फिरणारा दावा असा: "४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पॅनला कंपनीने ड्रेन प्लग दिला नसेल तर गाडीखाली झोपा, ½ इंचाचं भोक पाडा, प्लग बसवा. दहा मिनिटांचं काम. पुढे प्लगमधून सगळं तेल बदलतं, पॅन कधी काढावा लागत नाही." पॅन म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं ताट, आणि ड्रेन प्लग म्हणजे त्यातलं तेल सोडायचं बूच. प्लग लावण्याला आमचा विरोध नाही, तो उपयोगीच आहे. बाकीचं मात्र एकेक तपासून घेऊ.

"पॅन न काढता भोक पाडा." हे सर्वांत घातक. ड्रिलचा कीस आत पडतो आणि त्याच्या वर काही मिलिमीटरवर फिल्टरचं तोंड असतं. पॅनमधलं चुंबक लोखंडी कीस थोडाफार धरेल. पॅन ॲल्युमिनियमचा असेल तर तेवढंही नाही. भोकाच्या आतल्या कडेची धार कानसीने मारायला हात पोचत नाही. शिवाय आतून नट कोण लावणार? पत्र्यालाच आटे पाडू म्हणाल, तर ½ इंच–२० (इंचाला २०) आट्यांत दोन आट्यांतलं अंतर १.२७ मिमी असतं आणि पॅनचा पत्रा साधारण दीड मिमी. म्हणजे जेमतेम एक आटा. दोन-तीनदा उघडझाक केली की तो सुटलाच.

"कुठेही बसवा, खालीच तर आहे." खरी गोम इथे आहे. प्लगच्या किटमध्ये पोकळ बोल्ट, वॉशर आणि नट येतो, आणि त्याचा काही भाग पॅनच्या आत उभा राहतो. तो फिल्टरला टेकला तर एकतर पॅन नीट बसत नाही, नाहीतर फिल्टर ढकलला जाऊन त्याच्या नळीचं सील हलतं. मग पंप तेलाबरोबर हवा ओढतो, कण्हतो, तेलाला फेस येतो आणि गिअर घसरायला लागतो. लोक दोष गिअरबॉक्सला देतात.

जागा ठरवायची साधी युक्ती: फिल्टरच्या तळाला चार-पाच ठिकाणी कणकेच्या गोळ्या चिकटवा, पॅकिंगसकट पॅन लावून चार बोल्ट आवळा, काढा. दबलेल्या गोळीची जाडी म्हणजे तिथली मोकळी जागा. आत राहणाऱ्या भागाच्या उंचीपेक्षा ती निदान ५ मिमी जास्त हवी. वॉशर सपाट बसेल अशी जागा निवडा, पत्र्यावरच्या उठावावर नको. चुंबकाची जागाही सोडा. तळापेक्षा मागच्या भिंतीचा खालचा भाग बरा, म्हणजे रस्त्यावरचा दगड प्लगला थेट लागत नाही. थोडं तेल मागे उरतं, चालेल.

मग सेंटर पंचने खूण, ३ मिमीचं भोक, खाली लाकडाचा ठोकळा ठेवून पायरी ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होणाऱ्या) किटमध्ये सांगितलेल्या मापापर्यंत. दोन्ही बाजूंची धार मारा, पॅन आणि चुंबक रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करा. पॅन हातात असतानाच आतला नट पक्का आवळा. नंतर प्लग उघडताना बाहेरची बॉडी (पोकळ बोल्ट) एका पान्याने धरायची आणि दुसऱ्याने प्लग फिरवायचा. एकाच पान्यावर भागवलं की सगळा बोल्टच फिरतो, आतला नट ढिला होतो आणि पॅन काढल्याशिवाय ती गळती थांबत नाही.

वेल्डिंगने आटेदार बुश बसवणं याहून टिकाऊ, पण उष्णतेने पॅनची कड वाकते. काचेवर उलटा ठेवून कड तपासा. वेल्डवर आतून रॉकेल, बाहेरून खडू लावून गळती पाहा; खडूवर ओला डाग उमटला की गळती आहे.

"सगळं तेल बदलतं." नाही. ४एल६०ई मध्ये पॅन काढला तरी साधारण ४.७ लिटर निघतं. पूर्ण भरणा सुमारे १०.६ लिटर. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), कूलर आणि नळ्यांत असतं. एकदा बदलल्यावर ४४ टक्के नवं, मध्ये गाडी चालवून दुसऱ्यांदा ६९, तिसऱ्यांदा ८३.

"पॅन काढायला नको." फिल्टर पॅनच्या आतच बसतो, तो प्लगमधून बदलत नाही. चुंबकावरचा गाळही पाहायला हवा: करडी बारीक पूड नेहमीची, चकाकते तुकडे दिसले तर गिअरबॉक्स उघडायची वेळ. प्लगचा फायदा एवढाच की आधी तेल निघून जातं आणि १६ बोल्ट सोडताना गरम तेलाची आंघोळ होत नाही. परत लावताना बोल्ट ११ न्यूटन-मीटरच. जास्त आवळले तर कड वाकून तिथूनच गळतं.

एवढा खटाटोप नको असेल तर प्लगसकट तयार पॅन बाजारात मिळतो. घेताना खोल की उथळ ते पाहा आणि फिल्टर त्याच मापाचा घ्या. खोल पॅनमध्ये उथळ पॅनचा फिल्टर बसवला, तर तो तळापासून उंच राहतो आणि वळणावर किंवा चढावर हवा ओढतो.