गोडाऊनातली आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात आणि जाताना कुरडया-पापडांचा डबा घेऊन जातात. खानदेशातली रीतच आहे ही. आमची लेक यंदा लॅपटॉप आणि स्टॉपवॉच घेऊन आली. पुण्यात एका कंपनीत ती ‘प्रोसेस’ बघते. म्हणजे नेमकं काय करते, हे लग्न ठरवताना व्याह्यांनाही मला सांगता आलं नव्हतं. “मोठ्या पोस्टवर आहे” एवढ्यावर भागवलं होतं.

माझी अमळनेरात साबण, बिस्किटं, शाम्पूच्या लड्या अशा मालाची एजन्सी आहे. कंपनीचा ट्रक येतो, माल उतरतो, तो आम्ही तालुक्यातल्या दुकानांना पोचवतो. साबणावर मला पाच टक्के सुटतात. त्यातून गोडाऊनचं भाडं, हमाली, टेम्पो, सेल्समनचा पगार, बँकेचं व्याज आणि उंदरांचा वाटा वजा करायचा. जेवताना मी सहज म्हणालो, “हल्ली काही सुटत नाही गं.” लेकीनं आमरसाच्या वाटीवरून वर पाहिलं. तिच्या आईनं लगेच ओळखलं, म्हणाली, “आता हिला झोपाळ्यावर कोण बसवणार!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ताई गोडाऊनात हजर. वैशाखात आमचे पत्रे असे तापतात की अकरानंतर आत फक्त माल राहू शकतो, आणि तोही नाइलाजानं. ती स्टूल टाकून बसली आणि साबणाच्या एका पेटीवर नजर ठेवून तिचा सगळा प्रवास लिहायला लागली. ट्रकमधून दारात. दारातून मधल्या गल्लीत, कारण मागं जायला वाट नाही. संध्याकाळी वाट झाल्यावर मागं. ऑर्डर आली की मागून पुढं. पुढून मोजायला दारात. दारातून टेम्पोत. आमचे नाना हमाल पंचवीस वर्षं हे काम करताहेत, कुणी त्यांच्याकडे एवढं निरखून पाहिलं नव्हतं. थोडा वेळ त्यांनी सोसलं, मग जवळ येऊन विचारलं, “ताई, हाई काय लिखी राह्यनी? मनी हजेरी शे का?”

ताईनं विचारलं, “नाना, दाराजवळचा हा कोपरा रिकामा का? जास्त खपणारा माल इथं ठेवला तर चार वेळा उचलावा लागणार नाही.”

नाना गप्प. मी गप्प. टेम्पोवाला आभाळाकडे बघायला लागला. त्या कोपऱ्यात सतरंजी होती, सतरंजीखाली पत्त्यांचे दोन कॅट होते आणि वर गोडाऊनातला एकमेव पंखा. आखाजीला खानदेशात पत्ते खेळतातच, त्याला कुणी नावं ठेवत नाही. फक्त आमच्या कोपऱ्यात आखाजी बारा महिने असते.

मला वाटलं होतं, पोरगी चहावर येणार. दिवसाला तीन वेळा चहा येतो, तो दोनदा करावा असा माझा जुना विचार. तिनं चहाचा हिशोब ऐकूनसुद्धा घेतला नाही. टोयोटाच्या ताइची ओनो या गृहस्थानं वाया जाण्याचे सात प्रकार सांगितलेत म्हणे: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट बघणं, उगाच वाहतूक, नको ती प्रक्रिया, पडून राहिलेला साठा, माणसांची फुकट हालचाल आणि खराब माल. मी यादी दोनदा वाचली. उत्पादन आमच्याकडे होत नाही. उरलेले सहाही प्रकार स्टॉकमध्ये होते.

तरी मी तिला सुनावलंच, की अमळनेरच्या माणसाला हे जपानकडून शिकायची गरज नाही. १९४५ साली इथं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली, तिचीच पुढं विप्रो झाली. वनस्पती तूप करताना मागं जे उरायचं, त्यातून ते ७८७ नावाचा कपड्यांचा साबण काढायचे. गावातल्या पुष्कळांच्या आजोबांनी त्या कंपनीचे शेअर घेतले आणि नातवंडांचं सोनं झालं. आमच्या आजोबांनी साबण घेतला. धोतर मात्र शेवटपर्यंत पांढरंशुभ्र.

ताई दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसून लाइनीवर, म्हणजे दुकानांच्या फेरीवर, गेली. आमचा टेम्पो बिलाच्या नंबराप्रमाणे भरला जातो. पहिलं बिल आधी भरलं की ते तळाशी जातं, आणि पहिलं दुकान आलं की तळातला माल काढायला अर्धा टेम्पो रस्त्यावर उतरवायचा. पुन्हा भरायचा. पुढच्या दुकानावर परत तेच. तिनं सांगितलं, शेवटच्या दुकानाचा माल सगळ्यात आधी भरा. एवढंच. टेम्पो दीड तास लवकर परतला. ड्रायव्हर मोठ्या खुशीत चावी द्यायला आला, तर ताईनं त्याच्या हातात दुसऱ्या लाइनीची बिलं ठेवली. त्या दिवसापासून तो तिच्याशी फक्त मान हलवून बोलतो.

खरी मेख पुढं होती. पारोळा रस्त्यावरून सात किलोमीटर आत एक गाव आहे. तिथल्या एका दुकानाला आम्ही दर आठवड्याला माल देतो. बिल सहाशेचं, म्हणजे मला सुटले तीस रुपये. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, म्हणजे एक लिटर डिझेल, नव्वदच्या वर रुपये. ताईनं तीन वेळा आकडे तपासले. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग तिनं ड्रायव्हरला विचारलं, तर त्याची सासुरवाडी त्याच गावात निघाली. दर बुधवारी दुपारी त्याला तिथं जेवण, आणि थंडीत वांग्याचं भरीत अन् कळण्याची भाकरी. आता मला सांगा, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

तिनं तोड काढली: माल महिन्यातून एकदा, पण पंचवीसशेच्या खाली नाही. दुकानदार आनंदानं तयार झाला. महिन्याचा माल एकदम घेतला आणि म्हणाला, “भाऊ, एवढे पैसे एकदम कुठून आणू? पुढच्या खेपेला देतो.” डिझेल वाचलं ते उधारीत गेलं.

मागच्या भिंतीला लागून मग कोल्ड क्रीम सापडलं. त्र्याहत्तर पेट्या. मार्च एंडला कंपनीचे साहेब “क्लोजिंग आहे, एवढं सांभाळून घ्या” म्हणून टाकून गेले होते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. बाटली तिरकी केली की क्रीम पाण्यासारखं वाहत होतं. ताईनं पटकन हिशोब केला: एक लाख ऐंशी हजारांचा माल, बँकेचं व्याज बारा टक्के, म्हणजे महिन्याला अठराशे रुपये. म्हणाली, “पप्पा, जागा तुमची आणि भाडंही तुम्हीच भरताय.” तिनं माझ्या नावानं साहेबांच्या साहेबांना इंग्रजीत मेल ठोकली. आठवड्यात निम्म्या पेट्या परत गेल्या, उरलेल्या कंपनीच्या खर्चानं स्कीममध्ये निघाल्या. कंपनीनं माल परत घेतला, हे ऐकायला शेजारचे दोन एजन्सीवाले खास चहाला आले.

जाता जाता तिनं पुठ्ठ्याच्या पाठीमागं मोठा तक्ता काढून भिंतीला चिकटवला. त्यात एक चौकोन लाल होता. बिल छापल्यापासून माल निघेपर्यंत सगळ्यात जास्त वेळ कुठं जातो? ‘शेठची सही’. माझं म्हणणं असं, की सही घाईत केली तर ती सही कसली? हा चौकोन मी कॅलेंडरनं झाकला आहे.

पत्त्यांचा कोपरा साबणाला गेला, पत्ते कोल्ड क्रीमच्या जागी सरकले. पंखा मात्र दाराशीच राहिला, त्यामुळे डाव आता लवकर आटपतात.

मे संपता संपता कंपनीचे साहेब आले. तक्त्यापुढं उभे राहिले, मोबाइलमध्ये फोटो काढला. “वा! टेम्पो दोन लाइनी करतो, डिझेल वाचतंय, जागा मोकळी झालीय.” मला उगाच भरून आलं. साहेब पुढं म्हणाले, “मग टार्गेट पंधरा टक्के वाढवायला हरकत नाही. एवढी जागा आहेच ना!”

जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या दिवशी ट्रक आला. घामोळ्याची पावडर होती. नानांनी बिल्टी बघितली, मागच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“भाऊ, मेल करस का मी पत्ता उचलू?”