हलणारी कोशिंबीर

"तू सॅलड आणशील का?" असं शेजारच्या आजींनी विचारलं आणि मी "हो, त्यात काय!" म्हणून बसलो. काकडी, टोमॅटो, वर लिंबू पिळलं की झालं. सॉल्ट लेक सिटीतला तो आमचा पहिलाच उन्हाळा. इथे सॅलड कशाला म्हणतात हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

२४ जुलै हा इथला, म्हणजे युटा राज्याचा, मोठा सण. १८४७ साली याच दिवशी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे पुढारी ब्रिगम यंग आपल्या मंडळींना घेऊन या खोऱ्यात पोचले, म्हणून सुट्टी, मिरवणूक, फटाके. आमच्या गल्लीत त्या दुपारी हिरवळीवर टेबलं मांडून सगळे एकत्र जेवतात आणि प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो. मी हो म्हटलं त्याच संध्याकाळी आजींनी दारात येऊन पाककृतीचं कार्ड हातात ठेवलं. पिवळं पडलेलं, कोपऱ्यावर हिरवा डाग. लाइम जेलोची, म्हणजे पाण्यात घालून थंड करायच्या लिंबाच्या स्वादाच्या जेलीची, दोन पाकिटं, डब्यातला अननस, कॉटेज चीज, किसलेलं गाजर, अक्रोड आणि अर्धी वाटी मेयोनेज. दोन वेगळ्या पदार्थांची कार्डं एकमेकांना चिकटली असावीत म्हणून मी नखाने कडा सोडवून पाहिली. एकच कार्ड होतं.

"गाजर आहे, म्हणजे कोशिंबीरच की," बायको म्हणाली. "फक्त ही हलते."

हे जेलो प्रकरण इथे किती गंभीर आहे ते मी त्या रात्री वाचलं. १८९७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावात पर्ल वेट नावाच्या, खोकल्याची औषधं बनवणाऱ्या गृहस्थाने जिलेटीनमध्ये फळांचे स्वाद मिसळून ते बाजारात आणलं. खप होईना, म्हणून दोनच वर्षांत सगळे हक्क ४५० डॉलरला विकून मोकळा झाला. त्याच्या पुढच्या पिढ्यांच्या जेवणात याचा विषय निघत असेल तेव्हा काय होत असेल, देव जाणे. युटात तर जेलो इतकं खातात की २००१ साली विधिमंडळाने त्याला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं. आपल्याकडे मिसळीबद्दल असा ठराव मांडला तर पुणे, नाशिक आणि कोल्हापूर मिळून सभागृहात एक खुर्ची जागेवर ठेवणार नाहीत.

आता डब्यातला अननस हा मला अपमान वाटला. बाजारात ताजा, पिवळाधमक अननस असताना डबा कशाला फोडायचा? अननस सोलला, डोळे काढले, बारीक फोडी केल्या. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उकळतं पाणी, मग गार पाणी, मग फळं. फ्रीजमध्ये ठेवून झोपलो. सकाळी उघडून पाहिलं तर हिरवं सरबत. लागायला वेळ लागत असेल म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो. सरबतच, फक्त आणखी गार.

आजींना सांगितलं तर त्या कुंपणाला धरून हसल्या. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते जिलेटीनमधल्या प्रथिनांचे तुकडे पाडतं, मग लागणार काय, कपाळ? डब्यात भरताना अननस तापवतात, त्यात ते एन्झाइम मरतं. किवी आणि पपईचीही हीच खोड. इथल्या पोराटोरांना हे ठाऊक असतं म्हणे.

ही रसायनशास्त्राची शिकवणी मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितली. आई तेव्हा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि टेबलाशी मेथी निवडत होती.

"म्हणजे मटणाला कच्ची पपई लावतात तसंच की," ती म्हणाली. तिने जन्मात मटण खाल्लेलं नाही, पण शेजारणींच्या स्वयंपाकाची माहिती चोख. मग तिचा हात थांबला. "पपईने मटण मऊ पडतं. यात रे काय आहे मऊ पडायला?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने मेथीकडे पाहिलं.

शेवटी सांगावं लागलं. जिलेटीन जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढतात. आईने काही आरडाओरडा केला नाही. उठली, मधे भोक असलेलं ते केकचं भांडं, पळी आणि गाळणी वेगळ्या कोपऱ्यात सरकवली आणि पुन्हा मेथी निवडायला बसली. तेवढ्या कृतीत सोवळं-ओवळं, कुळाचार आणि माझं संपूर्ण संगोपन येऊन गेलं.

दुसरा डाव डब्यातल्या अननसाने. कार्डावर बजावलेलं होतं की मिश्रण अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतकं दाट झाल्यावरच बाकीचं घाला, नाहीतर काही तळाला बसतं आणि काही वर तरंगतं. म्हणजे एकतारी पाकासारखंच, क्षण गाठायचा. मी दर दहा मिनिटांनी फ्रीज उघडत होतो. पातळ, पातळ, पातळ, मग एक फोन आला, आणि घट्ट! चमच्याने फोडून, पुन्हा गरम करून, पुन्हा वाट पाहिली. रात्री साडेअकराला एकदाचं गाजर आत गेलं.

साच्यातून काढणं हा वेगळाच अध्याय. भांडं कोमट पाण्यात दहा सेकंद धरायचं, ताटलीवर पाण्याचा हात फिरवायचा म्हणजे वाकडं पडलं तर सरकवता येतं, मग देवाचं नाव घेऊन उलटं. मी उलटं केलं. काहीच नाही. थापटलं. काहीच नाही. कान लावला. आतून ओल्या मातीत रुतलेला पाय निघावा तसा "प्लोक" आवाज आला आणि भांडं हलकं झालं. उचलून पाहिलं तर हिरवागार, घुमटदार, खरवसासारखा थरथरणारा डोंगर! एक टवका साच्यातच राहिला होता, तिथे मेयोनेज लिंपलं. दार जोरात लावलं की तो डोंगर अर्धा मिनिट हलायचा. मी तीनदा लावून पाहिलं.

आईने त्याच सकाळी भारतीय दुकानातून आणलेला चायना ग्रास उकळला. तो समुद्री शेवाळाचा, हाडाशी संबंध नाही. त्यात साखर, केशर आणि माझ्या उरलेल्या ताज्या अननसाच्या फोडी. "तो अननस लागू देणार नाही," मी बजावलं. अननसाचा दात फक्त प्रथिनांवर, शेवाळाचं तो काही वाकडं करू शकत नाही, हे मला नंतर कळलं. थाळा ओट्यावरच ठेवला होता, फ्रीजसुद्धा नाही. माझी आंघोळ होईपर्यंत तिने सुरीने शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडल्या होत्या.

"हलत नाहीत या," मी म्हणालो.

"कशाला हलायला पाहिजेत?"

दुपारी पारा ३७ वर. टेबलावर लाल, केशरी, हिरवी अशी सहा जेलो सॅलडं मांडलेली. जिलेटीन अंगाच्या उष्णतेलाही विरघळतं, म्हणूनच तर ते जिभेवर विरतं. पण ऊन काही जीभ नव्हे, ते थांबत नाही. प्रार्थना संपेपर्यंत माझ्या डोंगराला कंबर आली, मग पोट सुटलं. मेयोनेजचं ठिगळ घरंगळलं. अक्रोड एकेक करून कड्यावरून उतरू लागले. चायना ग्रास वितळायला जवळजवळ उकळतं पाणी लागतं, त्यामुळे आईच्या वड्या मात्र कडा धरून बसल्या होत्या.

आजींनी एक वडी खाल्ली. दुसरी घेतली. मग पर्समधून कोरं कार्ड आणि पेन काढलं. मी मधे दुभाषा.

"पाणी किती?"

"बेताचं," आई म्हणाली.

"साखर?"

"अंदाजाने."

"अंदाज म्हणजे किती कप, विचार," आजी मला म्हणाल्या.

"तिला म्हणावं, हाताला कळतं," आई म्हणाली. "आणि ही वडी आहे, नीट सांग."

मी नीट सांगितलं. आजींनी मान डोलावली आणि कार्डाच्या माथ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, "सॅलड, भारतीय."