आमचं नदीकडचं घर आम्ही विकणार नाही

गेल्या महिन्यात सांगलीतल्या आमच्या कर्नाळ रोडकडच्या जुन्या घराला गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको आणि कडेवर दोन वर्षांचं पोर. तो कुपवाड एमआयडीसीत कामाला, ती घरी शिवणकाम करते. मूळचे जतकडचे. म्हणजे टँकरच्या गावचे, पुराचं पाणी त्यांनी टीव्हीवर बघितलेलं. दोन गुंठे जागा, वर पत्रा नाही, स्लॅब आहे, नळ दारात. बाई हरखून गेली होती. शिलाई मशीन कुठं ठेवायचं, तेही तिनं मनात ठरवलं असावं, कारण खिडकीजवळ ती दोनदा जाऊन उभी राहिली.

मग तिनं विचारलं, "ताई, भिंतीचा रंग खाली वेगळा आणि वर वेगळा का हो?"

एजंटनं माझ्याकडं बघितलं. मी खरं ते सांगितलं. 2019 च्या पुरानंतर खालचा सगळा गिलावा फुगून सुटला. तो पाडून नवा केला, वरचा जुनाच राहिला. रंग कितीही मिळवला तरी जोड दिसतोच. आणि तो जोड माझ्या डोक्याच्या वर आहे.

सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. पावसाळ्यात आमच्याकडं कुणी 'कसं काय' विचारत नाही, 'आयर्विनला किती?' असं विचारतात. कृष्णेवरचा 1929 सालचा हा आयर्विन पूल आमची फूटपट्टी आहे. 40 फुटाला इशारा, 45 ला धोका. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला पुन्हा 54 च्या आसपास. आमच्यासारख्या सखल गल्ल्यांत 45 ची वाट बघावी लागत नाही. नदी समोरून येण्याआधी पाणी नाल्यातून, गटारातून उलटं वर येतं. संध्याकाळी मोरीत बुडबुडे दिसले की आप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "पोरी, डबे माळ्यावर टाक."

2019 ला माळाही गेला. पाण्यात आठ-दहा दिवस राहिलेलं घर कसं असतं ते बाहेरच्याला कळत नाही म्हणून सांगते. फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत बाहेरच्या खोलीत येऊन पालथा पडलेला. गव्हाची कोठी आतून फुगून तिचं झाकण उडालेलं, गव्हाला मोड येऊन तो कुजलेला. लाकडी दार चौकटीत असं बसलं होतं की ते फोडूनच आत गेलो. आणि गाळ. आमच्या शेजारच्या आजींनी 2005 ला शिकवलेलं म्हणून निभावलं : पाणी उतरत असतानाच घरात शिरायचं आणि त्याच पाण्यानं गाळ ढकलत बाहेर काढायचा. एकदा का पाणी गेलं आणि ऊन पडलं की तो गाळ कुदळीशिवाय निघत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आम्ही चौघांनी खराट्यानं घर धुतलंय. शहरी भागाला 15 हजार सानुग्रह जाहीर झालं होतं. त्यात वायरिंग परत केलं. गिलावा, दारं, गाद्या, भांडी सगळं पदरचं. दोन वर्षांनी ते सगळं पुन्हा.

आप्पांनी ही जागा नव्वदच्या दशकात घेतली. एसटीत नोकरी, पगार तुटपुंजा, स्टँडजवळची जागा हाताबाहेर. इथं मळीचं, म्हणजे नदीकाठच्या गाळाचं रान होतं, ऊस असायचा. मालकानं गुंठ्या-गुंठ्यानं विकलं, स्टँपपेपरवर सह्या झाल्या. आप्पांनी विचारलं होतं पाण्याचं. "दोन-चार दिवस गल्लीत येतं आणि जातं," एवढंच उत्तर मिळालं. ज्यानं सांगितलं तोही खोटं बोलला असं मला वाटत नाही. मळीत ऊस उभा होता तोवर पाणी खरंच येत होतं आणि जात होतं. 2001 साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, आमची घरं कागदावर आली, घरपट्टी सुरू झाली. पण नदीला तो कागद कुणी दाखवला नाही.

जे घर बांधतो तो आधी मुरूम टाकून जोतं वर घेतो. त्याचं पाणी शेजारच्याकडं जातं. शेजारी त्याहून दोन फूट वर घेतो. असं करत पाणी पसरायची जागाच आम्ही सगळ्यांनी मिळून भरून टाकली. आता कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून भांडण आहे आणि ते भांडायलाच हवं, उंची वाढवायला माझाही विरोध आहे. पण 2019 नंतर पुराची कारणं शोधायला शासनानं नेमलेल्या वडनेरे समितीनं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. तिनं अतिवृष्टीवर आणि पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर बोट ठेवलंय. ते बोट माझ्या घराकडं आहे, हे मी मान्य करते.

निळी रेषा, लाल रेषा आपण सगळे ऐकतो. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर चढतो तिथवर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाचा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. आम्ही 2005 पासून 2021 पर्यंत, म्हणजे 16 वर्षांत, तीन महापूर बघितले. तरीही रेषेच्या आत आजसुद्धा वाळूचे ढीग पडलेले दिसतात, सळया वर आलेल्या दिसतात.

माझं म्हणणं सरळ आहे. निळ्या रेषेच्या आत एकही नवीन घर उभं राहू नये. आणि आमच्यासारख्या जुन्यांची घरं शासनानं रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या भावानं विकत घ्यावीत, पाडावीत आणि ती जमीन मोकळी ठेवावी. तिथं गवत वाढू दे, पोरं क्रिकेट खेळू देत, पावसाळ्यात पाणी येऊन बसू दे. गावभागातले जुने वाडे, पेठेतली दुकानं हलवा असं मी म्हणत नाही. चिपळूणची बाजारपेठ 22 जुलै 2021 ला बुडाली म्हणून अख्खं चिपळूण उचलून नेता येत नाही, तिथं वाशिष्ठी नदीचा गाळ काढणं हाच मार्ग लोकांनी आंदोलन करून मागितला, तो बरोबरच होता. मी बोलतेय ते गेल्या तीस-चाळीस वर्षांत मळीत आणि नाल्यात उभ्या राहिलेल्या वस्त्यांबद्दल.

पण 'हलवा' म्हणणाऱ्यांनी एकदा कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीला जाऊन यावं. 1989 च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा मिळाल्या. आणि तरी 2019 ला चिखलीतून माणसं बोटीनं काढावी लागली. लोक हट्टी आहेत असं म्हणून हा विषय संपत नाही. शेत खाली, गोठा खाली, पहाटे म्हशीची धार काढायची, डेअरीला दूध घालायचं. माणूस झोपायला टेकडीवर आणि जगायला नदीकाठी, असं किती दिवस चालेल? जागा द्यायची तर गोठ्यासकट द्यावी लागते, शेजाऱ्यासकट द्यावी लागते. 1961 ला पानशेत धरण फुटल्यानंतर पुण्यात गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर वसलं, ते टिकलं, कारण कामधंदा तिथून सायकलच्या टप्प्यात होता.

आता आम्ही विश्रामबागेकडं भाड्यानं राहतो. दोन पगार आहेत म्हणून जमतं. म्हणून माझ्या तोंडी हे शोभतं का, असंही मला कुणी विचारेल. त्या बाईनं विचारलंच. मी सगळं सांगून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "ताई, तुम्ही राहिलाच की एवढी वर्षं. आणि एवढ्या पैशात आम्हाला दुसरीकडं कुठं मिळणार?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. आप्पांनी तीस वर्षांपूर्वी अगदी हाच हिशोब केला होता. जागा स्वस्त होती कारण तिथं पाणी येत होतं, आणि ज्याच्याकडं पैसा कमी तोच त्या पाण्यात जाऊन बसतो. आम्ही विकलं तर आम्ही सुटू, आणि पुढच्या पुरात खराटा घेऊन ती बाई उभी असेल, कडेवरचं पोर माळ्यावर ठेवून.

घरी यावर भांडण झालं. ह्यांचं म्हणणं, घर असंच पडून राहिलं तर आपले पैसे बुडाले. खरं आहे. आप्पा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला कुणी सांगितलं असतं तर मी घेतली नसती." मग त्यांनीच एजंटला फोन करून नाही कळवलं.

घर बंद आहे. घरपट्टी भरतोय. शासनानं नदीसाठी ते मागितलं तर कागद तयार आहेत, सातबारापासून गुंठेवारीच्या दाखल्यापर्यंत. 2019 ला घरातून निघताना मी फक्त तेवढीच एक पिशवी छातीशी धरून निघाले होते.