उशीवर शिकलेलं सलाईन

कोविडसारख्या साथीत नर्सिंगच्या मुलींनी ऑनलाइन शिकावं, वॉर्डात यावं की वर्षभर थांबावं, हे तीन पर्याय एका लेखात मांडलेले वाचले. थांबणं सोडा, फी कोण भरणार?

माझी भाची २०२० मध्ये जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज बंद, सोलापुरात घरी मोबाईलवर लेक्चर. इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची बारीक नळी, लावायची प्रॅक्टिस तिनं उशीवर केली! नंतर वॉर्डात पहिल्याच आजींची शीर दोनदा फुटली. आजी सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या, तेलुगूत ‘नोप्पी, नोप्पी’ करत होत्या. दुखतंय एवढं हिला कळलं, शीर काही सापडेना. शेवटी म्हाताऱ्या सिस्टरांनी तिचा अंगठा धरून शीर ताणून दाखवली. हे मोबाईलवर कसं शिकवणार?

केंद्रानं ३ मे २०२१ ला शेवटच्या परीक्षेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थिनींना सीनियर शिक्षकांच्या देखरेखीखाली कोविड ड्युटी देता येईल असं सांगितलं. ठीकच होतं. पण भाचीच्या वेळी कॉलेजच्या मॅडमची देखरेख फोनवरून! पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलींना साध्या वॉर्डात नाहीतर लसीकरणाला लावावं, असं माझं मत.

आणि अशा ड्युटीचे तास कोर्सला लागणाऱ्या वॉर्डातल्या तासांत, रजिस्टरला धरा हो. तिच्या कॉलेजनं धरले नाहीत, तेवढेच तास तिनं नंतर पुन्हा भरले.