हा पैसा पायात जाऊ द्या

बेघरांच्या घरांसाठी निधी जमवायला शनिवारी नाचाचा कार्यक्रम झाला, तो बघून आलो तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. माझी मुलगी त्यात नाचली. दोन महिने आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव, शाळेतून आली की दप्तर टाकून घुंगरू उचलायचे. शेवटच्या आठवड्यात टाचा सुजल्या होत्या, पण एक दिवस चुकवला नाही. कारण तिच्या गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हा नाच बक्षिसासाठी नाही, ज्यांना घर नाही त्यांच्या घरासाठी आहे. चौदा वर्षांच्या पोरींनी ते मनावर घेतलं. कथक झालं, भरतनाट्यम झालं, शेवटी विदर्भातल्या नाचगाण्यांचा एक तुकडा होता. भुलाबाईच्या गाण्यावर बारा मुली फेर धरून आल्या तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आजी हळूच तोंडातल्या तोंडात म्हणायला लागल्या. सभागृह भरलेलं होतं. तिकिटं विकली गेली होती, वर देणग्याही जाहीर झाल्या.

म्हणून आधी हे स्वच्छ सांगतो: असे कार्यक्रम व्हायला हवेत, आणखी व्हायला हवेत. "घरासाठी नाच कशाला, सरळ पैसे द्या ना," असं मला दोघांनी म्हटलं. मला ते पटत नाही. माझं आजोळ ब्रह्मपुरीकडचं. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात, गावोगाव नाटकं लागतात, वडशाहून कंपन्या येतात, रात्रभर प्रयोग चालतो. माझ्या मामाच्या गावात एका वर्षी नाटकाच्या तिकिटांतून उरलेल्या पैशातून शाळेच्या एका खोलीवर कौलं चढली. लोक नाटक बघायलाच आले होते आणि त्यातूनच खोली झाली. आपल्याकडे ही रीत जुनी आहे.

पण मी सिव्हिल इंजिनिअर आहे, एकोणीस वर्षं नागपुरात छोटी घरं बांधतो. गेली सहा-सात वर्षं माझ्याकडे येणारं निम्मं काम वस्त्यांमधल्या घरकुलांचं आहे. कुणाचा नकाशा, कुणाचं अंदाजपत्रक. त्यामुळे मंचावरून "या निधीतून आपण घरं उभी करू" असं जाहीर झालं, तेव्हा टाळ्या वाजवतानाच मनात हिशेब सुरू झाला. तो इथे मांडतो, कारण आयोजक माझे परिचित आहेत, मनापासून काम करणारे आहेत आणि पैसा कुठे लावायचा हे अजून ठरायचं आहे.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी भागासाठी जून २०१५ मध्ये सुरू झाली. तिचा एक भाग असा की, ज्याची स्वतःची जागा आहे त्याने आपलं घर आपणच बांधायचं आणि सरकारने मदत द्यायची. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, मिळून अडीच लाख. सुरुवातीच्या नियमात घर ३० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतचं होतं, म्हणजे साधारण ३२० चौरस फूट. घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या. ही अट मला फार आवडते. ज्या काकू वीस वर्षं भांडी घासून संसार चालवतात, त्यांचं नाव पहिल्यांदा एखाद्या सरकारी कागदावर मालक म्हणून येताना मी पाहिलं आहे. त्या कागदाला त्या आधी पदराने पुसतात, मग वाचायला देतात.

अडीच लाख थोडे नाहीत. पण ते एकदम हातात येत नाहीत, टप्प्याने येतात. काम कुठवर आलं ते बघायला माणूस येतो, जिओ टॅगिंगचा, म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो काढतो, मग हप्ता. जोतं, म्हणजे पायावरचा ओटा झाला, भिंती स्लॅबपर्यंत आल्या, घर पूर्ण झालं, असे टप्पे. सरकारी पैसा आहे, काम बघूनच द्यायला हवा. त्यात चूक काढत नाही.

अडचण आपल्या मातीत आहे. अर्ध्याहून जास्त कामांत मला काळी माती लागते. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन वर्षांत भिंत कोपऱ्यातून तिरपी चिरते. म्हणून खाली मुरूम, म्हणजे घट्ट खडीची माती लागेपर्यंत खोदावं लागतं, कुठे पाच फूट, कुठे सात. कॉलम, खालचे बीम, मग मुरमाची भर, मग जोतं. आजच्या भावाने माझ्या अंदाजपत्रकात एवढ्याशा घराचा जोत्यापर्यंतचा खर्च सव्वा ते दीड लाख येतो. म्हणजे घराचा सगळ्यात जड खर्च सगळ्यात आधी येतो आणि सरकारचा पहिला रुपया बहुतेक वेळा त्याच्यानंतर.

त्यात २३ सप्टेंबर २०२३. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदी लोकांच्या घरात शिरली. नदीकाठच्या वस्त्यांत कमरेएवढ्या पाण्यात माणसं उभी होती. त्यानंतर माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य एकच बोलतो, "भाऊ, जोतं उंच घ्या." बरोबरच आहे. पण जोतं दोन फूट उंच म्हणजे तेवढा मुरूम जास्त, भिंत जास्त, पायऱ्या जास्त. पुन्हा तोच पहिला टप्पा महाग.

आणि एक खर्च असा आहे जो कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. जुनं घर पाडल्याशिवाय नवं बांधता येत नाही. मग त्या सहा-आठ महिन्यांत राहायचं कुठे? त्याच वस्तीत एक खोली भाड्याने, तीन-साडेतीन हजार. डिपॉझिट वेगळं. आपलीच जागा समोर दिसते आणि आपण शेजारच्या गल्लीत भाडं भरतो.

मी ज्या बाईंबद्दल आता लिहिणार आहे त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र लिहीत नाही. दहा बाय बाराच्या टिनाच्या खोलीत चौघं. मालकी पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा सरकारी कागद मिळाला, घरकुल मंजूर झालं, त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले. होळीनंतर टिन उतरवले, खोदकाम केलं. सहा फुटांवर मुरूम लागला. तोवर बचत गटाचे पैसे संपले होते. कानातले गहाण ठेवून दोन कॉलमच्या सळाखा आणल्या. मग मृगाचा पाऊस आला आणि खड्ड्यात पाणी भरलं. सळाखा तांबड्या झाल्या. मी बघायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, सरकार पैसे देते म्हनते, पन आधी घर दाखवा म्हनते. घर दाखवाले पैसे कोठून आनू?" मला उत्तर देता आलं नाही. गेल्या काही वर्षांत असे अर्धवट खड्डे मी सतरा पाहिले. सगळे मंजूर घरकुलांचे.

सभागृहात जमलेला पैसा इथे लागायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

समजा, खर्च जाऊन नऊ लाख उरले. माझ्या अंदाजपत्रकाने एक साधं घरकुल सहा लाखांच्या आसपास पूर्ण होतं. म्हणजे या पैशातून दीड घर होईल. एका कुटुंबाला किल्ली देऊ, फोटो काढू, दुसऱ्याचं अर्धं राहील. त्याच नऊ लाखांतून दीड-दीड लाख सहा कुटुंबांना जोत्यापर्यंत दिले तर सहा घरांचा पहिला हप्ता मोकळा होतो. प्रत्येकामागे सरकारचे अडीच लाख, म्हणजे पंधरा लाख. ते आज मंजूर होऊनही अडकून पडलेत, ते वस्तीत येतात.

हे पैसे बिनव्याजी द्यावेत आणि परत घ्यावेत, असंही मला वाटतं. घर झालं की भाड्याची खोली सुटते. जे तीन हजार भाड्यात जात होते, त्यातले दोन हजार महिन्याला निधीत आले तरी सहा-सव्वासहा वर्षांत दीड लाख परत येतात. वेळ लागतो, पण मधल्या काळात दर महिन्याला सहा घरांचे मिळून बारा हजार येत राहतात आणि वर्षाला सातव्या घराच्या पायाची सोय होते. ज्यांना खरंच परत करता येणार नाही, म्हणजे एकट्या आजी, घरात लांबचं दुखणं असलेली माणसं, त्यांच्याकडून मागू नये. वस्तीतल्या बचत गटांना हे बरोबर कळतं. कुणाला जमेल, कुणाला नाही, हे त्या बायका आपल्यापेक्षा चांगलं सांगतात, आणि वसुलीही त्याच नेटाने करतात. निधी त्यांच्या सल्ल्याने चालवावा.

काही जण म्हणतील, सरकार इमारती बांधतंय की. शहराच्या कडेला वाठोडा, तरोडीकडे झाल्याही आहेत, चांगली गोष्ट आहे. ज्याच्याकडे जागाच नाही त्याला तोच रस्ता. पण तिथे उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढावं लागतं आणि बँक पगाराची स्लिप मागते. धरमपेठेत चार घरी पोळ्या करणाऱ्या बाईंकडे स्लिप कुठली? आणि सकाळी सहाला पहिलं घर गाठायचं असेल तर तरोडीहून निघायचं किती वाजता? ज्याला पट्टा मिळाला आहे, त्याला आपल्याच जागेवर पक्कं घर मिळणं हे सगळ्यात चांगलं. मुलांची शाळा बदलत नाही, काम सुटत नाही, शेजार राहतो.

या पैशातून सगळ्यांचं भागणार नाही, हेही ठाऊक आहे. ज्यांची वस्ती खासगी जमिनीवर, रेल्वेच्या जागेवर किंवा सरकारदरबारी झुडपी जंगल म्हणून नोंद असलेल्या जमिनीवर आहे, त्यांच्या हातात पट्टाच नाही, तर घरकुल कुठून मंजूर होणार. गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडलेल्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन वर्षानुवर्षं आरएलची, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राची वाट बघणारे वेगळेच. त्यांचा प्रश्न जमिनीचा आहे, तो नाचाच्या निधीतून सुटत नाही, त्यासाठी वेगळं भांडावं लागेल. म्हणून तर म्हणतो, जिथे कागद तयार आहे, मंजुरी आहे आणि फक्त पायाचे पैसे अडलेत, तिथे हा निधी जावा.

आता कार्यक्रमाबद्दल दोन गोष्टी. आयोजक वाचतील आणि रागावणार नाहीत, असा विश्वास आहे.

पहिली. मध्यंतराआधी पडद्यावर गळक्या झोपड्यांची फिल्म दाखवली, मागे करुण संगीत, आणि मग तीन बायकांना मंचावर बोलावून त्यांच्या हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली दिली. त्यातल्या एकीला मी ओळखतो. कार्यक्रमभर त्या मान खाली घालून होत्या. ज्या बाईने मिस्त्रीशी भाव करून पाचशे विटा कमी दरात आणल्या, तिला मी कधी मान खाली घातलेली पाहिलं नव्हतं. पुढच्या वेळी त्यांना पहिल्या रांगेत बसवा. नाच बघू द्या. आणि मंचावर बोलवायचंच असेल तर माईक द्या, त्या तुम्हाला विटेचा, रेतीचा आणि सेंट्रिंगचा आजचा भाव सांगतील.

दुसरी, हिशेबाची. सभागृहाचं भाडं, साउंड, लाइट, पोशाख, मेकअप, नाश्ता याला पैसे लागतातच, कुणी फुकट देत नाही आणि मागूही नये. पण तिकीट घेणाऱ्याला कळायला हवं की त्याच्या पाचशे रुपयांतले किती घराला गेले. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत एक कागद सगळ्यांना पाठवा: जमा एवढी, खर्च एवढा, शिल्लक एवढी. सहा महिन्यांनी दुसरा कागद: शिल्लक कुठल्या वस्तीत, कितव्या टप्प्यावर. देणगीदारांनाही सांगतो, दोन हजारांवर रोख दिलीत तर आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही, तेव्हा बँकेतूनच द्या. त्याने हिशेबही आपोआप चोख राहतो.

माझ्या मुलीने रविवारी सकाळी विचारलं, "बाबा, आम्ही नाचलो त्याचं घर कधी दिसेल?" मी तिला त्या खड्ड्याकडे घेऊन गेलो. पाणी आटलं होतं. तिने वाकून सळाखा मोजल्या, आठ होत्या. बाईंनी आम्हाला चहा दिला, भाड्याच्या खोलीच्या दारात बसून. मुलीने विचारलं, "काकू, तुमचं स्वयंपाकघर कुठे येईल?" त्या उठल्या, खड्ड्याच्या कडेने चालत गेल्या आणि पूर्वेच्या कोपऱ्यात थांबल्या. "इकडं. सकाळचं ऊन येते." नकाशात मी ते पश्चिमेला काढलं होतं. रात्री बसून बदललं.

आयोजकांशी सोमवारी बोललो. येत्या रविवारी अकरा वाजता ते वस्तीत यायला तयार आहेत. बचत गटाच्या ताईंना निरोप दिला आहे. मी सतरापैकी सध्या थांबलेल्या नऊ घरांची अंदाजपत्रकं घेऊन जाणार आहे. नागपुरात कुणी मिस्त्री, इंजिनिअर, सळाख-सिमेंटचे व्यापारी हे वाचत असतील आणि घाऊक भावात माल द्यायची तयारी असेल, तर मला मेसेज करा. रविवारच्या आधी आकडा पक्का करायचा आहे.